कष्ट वाचण्यात नकोत, आठवण्यात हवेत

वाचायला त्रास झाला की जास्त लक्षात राहतं, या समजुतीने नोट्स विचित्र फॉन्टमध्ये छापू नका. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०१८ मध्ये याच कल्पनेवर ‘सॅन्स फॉरगेटिका’ हा तुटक, मागे झुकलेला फॉन्ट काढला. नंतरच्या स्वतंत्र प्रयोगांत स्मरणाला त्याचा फायदा दिसला नाही. पुसट झेरॉक्सवर तर ‘घ’ की ‘ध’ हे ओळखण्यातच डोकं शिणतं, अर्थ बाजूलाच राहतो. साधा फॉन्ट, १२ पॉइंट, दीडपट ओळअंतर पुरे.

पान वाचून झालं की वही मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. सुरुवातीला चार ओळींवरच अडाल; लगेच वही उघडू नका, दोन मिनिटं आठवत बसा. मग सुटलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, न बघता.