सोयाबीन गेलं, उचल फिटली नाही, तरी प्रभूमध्ये आनंद कसा करायचा

ऐन काढणीत सोयाबीन पाण्यात जातं, बँकेचा हप्ता थकतो, आणि त्याच रविवारी चर्चच्या उपासनेत ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन येतं. आनंद वाटत नाही म्हणजे आपलाच विश्वास कच्चा, असं मग माणूस धरून चालतो. पण हे वचन प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं आहे. त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपला सोबती एपफ्रदीत आजारातून उठला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असंही तो मोकळेपणी सांगतो. तेव्हा रडू दाबून हसायची सक्ती इथे नाही.

रोज पंधरा मिनिटं काढा. एक शंभर पानी वही आणि पेन घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ पहाटेची किंवा जेवणं उरकल्यावरची; टँकर यायच्या वेळेला बसू नका, सगळं लक्ष दारात राहतं.

सुरुवात आभाराने करू नका, तक्रारीने करा. हा क्रम बायबलमधल्या स्तोत्र १३ चा आहे. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनमध्ये मागणं, शेवटच्या दोनमध्ये भरवसा आणि गाणं. मधल्या काळात संकट टळलं, असं कुठेही म्हटलेलं नाही. स्तोत्र मोठ्याने वाचा आणि वहीत तुमचे चार ‘कोठवर’ लिहा. ‘देवा, अडचणी आहेत’ असं मोघम लिहिलं तर मन हलत नाही. ‘कोठवर सावकार अंगणात येऊन बसणार?’ असं लिहा. मग एकच मागणं लिहा, या आठवड्यापुरतं.

आता हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, ओव्या १७ आणि १८. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून फसला, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत; आणि पुढे, ‘तरी’ मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. ती आपल्या घराची करून लिहा: बोअर आटला, सोयाबीनला भाव नाही, बैलजोडी विकली, पोरीची फी राहिली. खाली एका ओळीवर फक्त ‘तरी’ लिहा. त्यापुढचं वाक्य सुचलं तर लिहा, नाही सुचलं तर ओळ कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी तिथेच या. ओढूनताणून लिहिलेलं वाक्य दोन दिवसांत आपल्यालाच खोटं वाटतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रातच आहे.

आभार शेवटी, आणि एकच. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नको. ‘दुपारी शेजारच्या वहिनींनी हंडाभर पाणी दिलं’ एवढं पुरे.

मग गा. दोनच गीतं निवडा आणि पाठ करा, कारण घाटीत (सरकारी दवाखान्यात) पेशंटजवळ बसल्यावर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हाताशी नसतं. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या चालीत भजनं लिहिली, ती टाळावर सहज बसतात. आवाज चांगला नसला तरी चालतं. मनातल्या मनात गाणं मात्र फारसं उपयोगी पडत नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते तेव्हा पाय खोड्यात होते, भूकंप नंतर झाला.

कुठे बिघडतं? बहुतेकदा एकट्याने करण्यात. आठवड्यातून एकदा कुणा एकाला आपलं पान वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, शेवटी फक्त प्रार्थना करायची. कर्जाचा आकडा घरात लपवून ठेवणं, ही दुसरी चूक. प्रार्थना करा आणि बँकेतही जा. तिसरी चूक जीवघेणी: विश्वास आहे म्हणून गोळ्या बंद करणं. झोप उडाली, जिवाचं काही करावंसं वाटलं तर पाळकांना सांगाच, पण त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

मयताच्या घरी गेलात तर ‘आनंद करा’ हे वचन तोंडातून काढू नका. रोमकरांस पत्रात रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितलंय. भाकरी-पिठलं घेऊन जा, बसा.

ऊसतोडीला, कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांचा नाताळ उसाच्या फडातच जातो, तिथे रविवारही नसतो. निघण्याआधी स्तोत्र १३ आणि ती दोन गीतं घरातल्या माणसाच्या आवाजात मोबाईलवर भरून द्या. पहाटे गाडीत मोळ्या भरताना वही उघडता येत नाही, ऐकता येतं. ती माणसं परत आली की पहिल्याच रविवारी त्यांना मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं करू नका. आधी घरी जेवायला बोलवा.