टीव्ही रिमोट शोधला की टीव्ही रिमोटच वर यायला हवा (मायएसक्यूएल)

लॅमिंग्टन रोडला मित्राचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, त्याच्या साईटचा सर्च मीच केलाय, आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन, "अरे इंग्रजीत टीव्ही रिमोट टाकलं की सगळ्यात वर एसीच्या रिमोटचं कव्हर येतंय, गिऱ्हाईक मला वेड्यात काढतंय."

साईटचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे. तुम्ही शब्द शोधायला अजून त्यातला लाईक वापरत असाल तर आधी तो सोडा, तो सापडलं की नाही एवढंच सांगतो, किती जुळलं ते नाही सांगत. नाव आणि वर्णन या कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरातल्या शब्दांची सूची) लावा, इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनात, तो ५.६ आवृत्तीपासून मिळतो, मग शोधाचं मॅच-अगेन्स्ट क्वेरीच्या वेअरमध्ये लिहा आणि तेच परत सिलेक्टमध्ये स्कोअर (किती जुळलं त्याचा आकडा) म्हणून घ्या.

आता टीव्ही कुठे गेला? इंग्रजीत तो दोन अक्षरी, आणि इनोडीबी बाय डिफॉल्ट ३ अक्षरांपेक्षा छोटा शब्द इंडेक्समध्ये घेतच नाही, म्हणजे सर्च फक्त रिमोटवर चालला होता. शब्दाची किमान लांबी ठरवणारं मिन टोकन साईज हे सेटिंग २ करा, सर्व्हर रीस्टार्ट करा आणि इंडेक्स पाडून परत बनवा (हे विसरलात तर काहीच बदलणार नाही, मी अर्धा तास घालवलाय). शेअर्ड होस्टिंगवर ते सेटिंग हातात नसतं, तिथे मी वर्णनात टेलिव्हिजन घालून ठेवतो आणि क्वेरी पाठवायच्या आधी पीएचपीत शब्द बदलतो.

आणि ते कव्हरच का वर? इनोडीबी शब्द त्या रोमध्ये (म्हणजे त्या वस्तूच्या नोंदीत) किती वेळा आला ते मोजतो आणि शब्द किती दुर्मिळ त्याच्या वर्गाने गुणतो. १००० वस्तूंपैकी १० मध्ये असलेल्या शब्दाला १००० भागिले १०, म्हणजे १०० चा दहाच्या पायाचा लॉग २, त्याचा वर्ग ४, १०० वस्तूंत असेल तर फक्त १. वर्णन लांबलचक आहे म्हणून मार्क कापत नाही, आणि कव्हरवाल्याने वर्णनात सहा वेळा रिमोट रिमोट लिहिलेलं!

म्हणून नावाचा स्कोअर वेगळा काढा, ५ ने गुणा, त्यात वर्णनाचा मिळवा, ऑर्डर बाय त्या बेरजेवर. ५ हा माझा अंदाज, तुम्ही तुमच्या मालावर बघून ठरवा. मॅचमध्ये जे कॉलम लिहाल नेमका त्यांचाच इंडेक्स लागतो, म्हणजे नावाचा, वर्णनाचा आणि दोन्हींचा मिळून असे तीन, आणि ते एकेक करून बनवा कारण इनोडीबी एका वेळी एकच फुलटेक्स्ट इंडेक्स बनवतो. कोणी बीसी ५४७ सारखा पार्ट नंबर टाकला तर स्कोअरच्या भानगडीत पडू नका, पार्ट नंबर तंतोतंत जुळला की सरळ पहिला. शेवटी आयडीवर पण सॉर्ट लावा, नाहीतर स्कोअर सारखे असलेल्या वस्तू पान बदललं की पुन्हा दिसतात.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना हे सोपं आहे, सेटवेटने नावाला ए आणि वर्णनाला बी द्या, स्कोअर काढणारं टीएस रँक त्यांचं वजन १ आणि ०.४ धरतं. एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस ५ सर्चमध्ये मात्र सॉर्ट उलटा, तिथे बीएम २५ या स्कोअरचा आकडा जितका कमी तितकं चांगलं, सवयीने डिसेंडिंग (मोठा आकडा आधी) लावलंत तर कव्हर परत वर.