जुनी, नव्याने बांधलेली जीप घेताना आरसीवरील नोंदी कशा दुरुस्त कराव्यात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथ आणि पत्र्याचे काम करणारे कसबी कारागीर एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की मोडीत निघालेली जीपही तिथे पुन्हा उभी राहू शकते. एका गाडीची चासी (खालचा सांगाडा), दुसरीचे इंजिन आणि नव्याने ठोकून घेतलेली बॉडी अशा जोडणीतून तयार झालेली जीप रस्त्यावर उत्तम चालते. तिच्या आरसी बुकात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, मात्र अनेकदा मूळची, कित्येक वर्षांपूर्वीची गाडीच लिहिलेली असते. अशी गाडी घेणाऱ्याने आधी कागद आणि गाडी यांचा मेळ घालावा, नोंदींची दुरुस्ती विक्रेत्याच्याच नावावर करून घ्यावी आणि त्यानंतरच नावबदल करून उरलेली रक्कम द्यावी. हा क्रम उलटला तर आधीच्या मालकाने केलेल्या बदलांचे उत्तर नव्या मालकाला द्यावे लागते.

पहिले काम चासी क्रमांकाचे आहे. चासीवरील ती जागा रॉकेलने पुसून, गंज व रंग हलक्या हाताने काढून, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा आणि तो आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. इंजिन क्रमांकाचेही तसेच करावे. त्यानंतर “वाहन” या सरकारी पोर्टलवर नोंदीची मुदत, बँकेचा बोजा आणि इंधनाचा प्रकार पाहावा. १९८९ पूर्वीची, तीन अक्षरी क्रमांकाची गाडी पोर्टलवर दिसतच नसेल, तर विक्रेत्याने मूळ नोंदणी कार्यालयातील जुन्या नोंदवहीवरून तिची बॅकलॉग नोंद (जुनी नोंद पोर्टलवर चढवणे) आधी करून घ्यावी. चासी क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेगळ्याच तुकड्यावर जोडलेला आढळला, तर गाडी कितीही देखणी असली तरी व्यवहार तिथेच थांबवावा. गंजाने क्रमांक खरोखर गेला असेल, तरी तो स्वतः ठोकून घेऊ नये. नोंदणी प्राधिकाऱ्याचा लेखी आदेश आधी मिळवावा.

पुढचा प्रश्न असा की आरसीतील फरक लेखनिकाच्या चुकीचा आहे की गाडीतच बदल झालेला आहे. आकडा चुकीचा उतरला, रंग वा आसनसंख्या चुकीची चढली, अशी चूक मूळ नोंदवही, पहिले विक्री प्रमाणपत्र किंवा जुन्या विमा पॉलिसीच्या आधारे अर्ज व प्रतिज्ञापत्र देऊन दुरुस्त होऊ शकते. लष्करी लिलावातून आलेल्या जीपसाठी नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र हाच सर्वांत भक्कम पुरावा असतो, म्हणून त्याची प्रत विक्रेत्याकडे आग्रहाने मागावी.

गाडीतच बदल झाला असेल, तर मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होते. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन बसवले असेल, तर इंजिनाच्या खरेदीची पावती, ते ज्या गाडीतून काढले तिचे कागद आणि गॅरेजचे बिल जोडून नोंद मागता येते. बदल झाल्यापासून १४ दिवसांत तो कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन घालणे, चासी लांबवणे किंवा आखूड करणे या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. “एजंट करून देतो” या आश्वासनावर अशी गाडी मुळीच घेऊ नये. विक्रेत्याने मूळ प्रकारचे इंजिन परत बसवून गाडी तपासणीला न्यावी, ही अट लेखी करारात घालावी. ही अट विक्रेत्याला जाचक वाटेल, पण घेणाऱ्याचे संरक्षण तिच्यातच आहे.

पन्नास वर्षांवरील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळेल, असे सांगून काही जण भाव वाढवतात. ती नोंदणी चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीसाठीच आहे. बांधलेली जीप त्यात बसत नाही.

दुरुस्तीनंतर नोंदीचे नूतनीकरण येते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे नमुना २५ भरून, मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर, पीयूसी आणि चालू विमा लागतो. बँकेचा बोजा असेल, तर तो बँकेच्या पत्रासह नमुना ३५ देऊन उतरवावा.

नावबदलासाठी विक्रेत्याच्या सहीचा नमुना २९ आणि दोघांच्याही सह्यांचा नमुना ३० लागतो. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असा नियम आहे. मालक मृत असेल, तर आधी वारसाच्या नावे नमुना ३१ ने नोंद व्हावी. निपाणी, चिकोडी किंवा बेळगावकडून येणाऱ्या केए २२ आणि केए २३ पासिंगच्या गाड्या कोल्हापुरात बऱ्याच दिसतात. त्यांच्यासाठी मूळ कार्यालयाची नमुना २८ मधील एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि एमएच ०९ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो. एनओसीवरील चासी व इंजिन क्रमांक छापाशी पुन्हा ताडून पाहावेत, कारण तिथली चूक सुधारण्यासाठी सीमेपलीकडे परत जावे लागते.

नवी आरसी हाती आली की तिच्यावरील प्रत्येक नोंद त्याच दिवशी वाचून घ्यावी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी. विमा कंपनीला मात्र गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांतच लेखी कळवायचे असते, त्यामुळे नव्या आरसीची वाट पाहू नये. त्या अर्जात दुरुस्त झालेला इंजिन क्रमांकही लिहावा.