चुलीपासून सुरुवात : ग्रीक देवतांची उपासना घरी कशी करावी

ग्रीक देवांची ओढ लागलेला माणूस सगळ्यात आधी मूर्ती मागवतो. फूटभर उंचीची अथेना, हातात भाला, शेजारी घुबड. ती कपाटावर येऊन बसते, दोन आठवडे तिच्यापुढे दिवा लागतो आणि मग भाल्यावर धूळ साचू लागते. मीही ह्याच वाटेने गेले, म्हणून सांगते : मूर्ती सगळ्यात शेवटी आणा. नाही आणली तरी चालेल.

ह्यावर एक जुनी गोष्ट आहे, पोर्फिरी ह्या प्राचीन तत्त्वज्ञाने जपून ठेवलेली. आशियातल्या मॅग्नेशियाचा एक गडगंज माणूस डेल्फीला अपोलोचा कौल घ्यायला गेला, तिथे देवापुढे शंभर बैलांचा बळी दिला आणि देवांचा सगळ्यात उत्तम मान राखणारा माणूस कोण, असे त्याने विचारले. उत्तरात आपलेच नाव येणार ह्याची त्याला खात्री होती. पिथियाने, म्हणजे तिथल्या कौल देणाऱ्या पुजारिणीने, नाव घेतले आर्केडियातल्या मेथिद्रिओन गावच्या क्लेआर्खोसचे. हा चक्रावून त्या आडगावी पोचला. क्लेआर्खोस काय करत होता? दर महिन्याच्या नव्या चंद्राला वाडवडिलांपासून घरात असलेल्या हर्मीस आणि हेकाटेच्या मूर्ती घासूनपुसून लख्ख करायच्या, त्यांना माळा घालायच्या, धूप आणि जवाच्या पिठाचे छोटे नैवेद्य दाखवायचे. गावातल्या वार्षिक सणांना हजर राहायचे. एवढेच. पण एकही महिना चुकवायचा नाही.

खाली जे सांगते आहे ते क्लेआर्खोसच्या मापाचे आहे.

थोडी पार्श्वभूमी हवी. इसवी सन 391-392 मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या पूजांवर बंदी घातली आणि पुढे ही परंपरा तुटली. आज जे लोक ती पाळतात त्यांनी ती ग्रंथ, शिलालेख आणि उत्खननांतून पुन्हा जुळवली आहे. ग्रीसमध्ये त्यांची संघटना 1997 पासून आहे आणि 2017 मध्ये तिथल्या सरकारने ह्या धर्माला ‘ज्ञात धर्म’ म्हणून मान्यता दिली. घरातल्या उपासनेसाठी दीक्षा लागत नाही, पुरोहितही लागत नाही. प्राचीन काळीही घरचे देव घरच्यांनीच सांभाळायचे.

जागा : स्वयंपाकघर

घरातला पहिला मान हेस्तियाचा. ही चुलीची देवी. क्रोनोस आणि रेआची ती थोरली मुलगी. बापाने मुले गिळली तेव्हा ही सर्वांत आधी पोटात गेली आणि ओकून टाकली तेव्हा सर्वांत शेवटी बाहेर आली, म्हणून तीच थोरली आणि तीच धाकटी. तिच्या स्तोत्रात म्हटले आहे की मेजवानीत पहिला आणि शेवटचा पेला तिच्या नावाने ओतावा. तेव्हा आपली जागाही तिच्याजवळ, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी. हेराक्लाइटस ह्या तत्त्वज्ञाला भेटायला आलेली मंडळी त्याला स्वयंपाकघरातल्या भट्टीपाशी शेकत बसलेला पाहून दारातच थबकली, तेव्हा तो म्हणाला होता, ‘या आत, इथेही देव आहेत.’

ओट्याच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा पुरते. तिथे एक पणती, एक वाटी, एक पेला, धुपासाठी छोटे मातीचे किंवा पितळी धुपाटणे, आणि चिमूटभर जव ठेवायला डबी. सगळे घरातलेच घ्या. पणती गॅसच्या नळीपासून आणि पडद्यापासून लांब असावी, हे वेगळे सांगायला नको, पण सांगते.

मध उघडा ठेवून झोपू नका. माझ्या पहिल्याच नैवेद्याला हेस्तियाच्या आधी मुंग्या पोचल्या होत्या.

रोजचे : हात, पाणी, धूप, घोट

हेसिओड ह्या प्राचीन ग्रीक कवीने आपल्या भावाला काव्यातून केलेल्या उपदेशात रोजच्या उपासनेचे सगळे सूत्र सांगून टाकले आहे : शुचिर्भूत होऊन यथाशक्ति अर्पण कर, आणि रात्री झोपताना व पहाटे उजेड होताना देवांना धूप आणि पेय देऊन प्रसन्न ठेव. ‘यथाशक्ति’ हा शब्द मी घुसडलेला नाही; मूळ ग्रीक शब्दप्रयोगाचा अर्थ नेमका तोच आहे. पुढचे वाक्य तर पक्क्या शेतकऱ्याचे आहे : म्हणजे दुसऱ्याची जमीन तू विकत घेशील, तुझी त्याला विकावी लागणार नाही. ह्याच काव्यात पुढे तो बजावतो की पहाटे न धुतल्या हातांनी झ्यूसला द्राक्षरस ओतू नकोस.

तर आधी हात धुवा. मग वाटीत स्वच्छ पाणी घ्या आणि एक पेटती काडी त्यात विझवा. पूर्वी वेदीवरचे जळते लाकूड असे पाण्यात बुडवत. ह्या पाण्याला खेर्निप्स म्हणतात. ते हातांवर घ्या, तोंडावर आणि जागेवर शिंपडा. पणती लावा. चार दाणे जव समोर टाका. निखाऱ्यावर धूप घाला.

धूप कोणता? ग्रीकांना अरबस्तानातून येणारा लिबानोस प्रिय होता. त्याच कुळातले झाड आपल्या सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलात उभे आहे : सालई. काष्ठौषधींच्या दुकानात सालईचा डिंक मिळतो, तो वापरा. सुगंधी अगरबत्तीनेही काम भागते, पण डिंकाच्या धुराची गोष्ट वेगळी. खिडकी उघडा, आणि इमारतीत धुराची घंटा बसवलेली असेल तर निखारा नकोच.

मग पेयार्पण. पेल्यातले थोडे वाटीत ओतायचे आणि उरलेले आपण प्यायचे, हे स्पोंदे. त्यातून देव आणि माणूस एका पेल्यात भागीदार होतात. सगळेच ओतून टाकायचे ते खोए, ते मृतांसाठी आणि भूमीखालच्या देवतांसाठी. त्यातले आपण घ्यायचे नाही. वाइन पाणी घालून वापरत. घरात चालत नसेल तर दूध, मध-पाणी किंवा नुसते पाणी घ्या. काही देवतांना, उदाहरणार्थ यूमेनिदीस ह्या सूडाच्या देवतांना, मद्याविनाच पेय दिले जाई, त्यामुळे ही पळवाट नाही. नंतर वाटीतले पाणी कुंडीत ओता.

मी सकाळच्या चहाचा पहिला घोट हेस्तियाला देते. आई राहायला आली होती तेव्हा तिने ते पाहिले. ‘कुणाला गं?’ म्हणाली. मी सांगितले. ‘म्हणजे बाबा चित्राहुती घालतात तसेच की,’ म्हणून ती कणीक मळायला लागली. ताटाभोवती चित्राहुती घातलेल्या पाहत मोठ्या झालेल्या माणसाला ह्या धर्माचा निम्मा भाग शिकवावा लागत नाही.

उरलेल्या निम्म्यात मात्र आपल्या सवयी आड येतात. आरती ओवाळू नका, ती ह्या घरची नाही. हात जोडू नका : उभे राहून दोन्ही हात वर करायचे, तळवे आकाशाकडे. भूमीखालच्या देवतांसाठी तळवे जमिनीकडे. आणि झ्यूस म्हणजे इंद्रच, अथेना म्हणजे सरस्वतीच, अशी गणिते मांडू नका. पाहुण्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

प्रार्थना : मोठ्याने, आणि हिशेबाने

ग्रीक माणूस प्रार्थना मोठ्याने करी; मनातल्या मनात पुटपुटणाऱ्याबद्दल शंका यायची, हा काय वाईट मागतो आहे म्हणून. प्रार्थनेला तीन भाग असतात. आधी हाक : नाव, कुळ, ठिकाण. मग आठवण : आजवर आपण काय दिले. शेवटी मागणे. होमरच्या इलियड महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात पुजारी ख्रिसीस अपोलोला असेच सांगतो : मी कधी तुझे देऊळ शाकारले असेल, तुला आवडेल असे काही जाळले असेल, तर माझ्या आसवांची किंमत ह्या लोकांकडून वसूल कर.

हा सौदा वाटतो, पण तो खारिस नावाचा व्यवहार आहे. शेजारणीकडून आलेला डबा आपण रिकामा परत पाठवत नाही, तसा. त्यामुळे पहिल्याच दिवशी मोठे मागणे मागणे बरे दिसत नाही. महिनाभर नुसते द्या.

भाषा मराठी चालते. माझी अशी असते : ‘हेस्तिया, क्रोनोस आणि रेआची थोरली लेक, देवांच्या आणि माणसांच्या घरात मधोमध बसणारी, ऐक. रोज सकाळी ह्या ओट्यावर पहिला घोट तुला दिला आहे, त्याची आठवण ठेव. ह्या घरची ऊब राहू दे.’

घरात जन्म किंवा मृत्यू झाला की मिआस्मा येते. आपल्या सोयर-सुतकाशी ते जवळचे आहे : ते पाप नसते, पाण्याने जाते. अथेन्समध्ये मयत झालेल्या घराच्या दारात पाण्याचे भांडे ठेवत, बाहेर पडणाऱ्याने अंगावर शिंपडून जावे म्हणून. अशा दिवसांत पूजा थांबवा आणि घरच्यांकडे बघा.

महिना : अमावास्या आणि चंद्रदर्शन

इथे मराठी घराला आयतीच सोय आहे. अथेन्सचा महिना चांद्र होता आणि आपल्यासारखाच अमावास्येला संपायचा. म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका तुमचे अर्धे काम करते. वर्ष उन्हाळ्यातल्या अयनदिनानंतरच्या नव्या चंद्राला सुरू होई, म्हणजे बहुधा आपल्या आषाढात. अधूनमधून अधिक महिनाही धरत.

अमावास्येच्या संध्याकाळी हेकाटेचे जेवण. तिठ्यावर अन्न ठेवायचे आणि मागे वळून न पाहता परतायचे. उतारा टाकून येणाऱ्याला हे समजावायला नको, पण भाव वेगळा : हे देवीला दिलेले जेवण आहे. अॅरिस्टोफेनीसच्या नाटकात थट्टा आहे की श्रीमंत हे अन्न पाठवतात आणि ते खाली ठेवायच्या आत गोरगरीब पळवतात. म्हणून आज चौकात अन्न टाकण्यापेक्षा ते एखाद्या भुकेल्याच्या हातात द्या. त्या दिवशी फ्रिज रिकामा करून पुसा, केर काढा, कुणाची उसनवारी असेल ती फेडा.

चंद्राची पहिली कोर दिसते तो नूमेनिया, महिन्यातला सगळ्यात पवित्र दिवस. दिनदर्शिकेत ‘चंद्रदर्शन’ छापलेले असते, तोच धरा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई, तेव्हा संध्याकाळचीच वेळ योग्य. जागा धुवा, फुलांची माळ घाला, धूप आणि नैवेद्य दाखवा. जवाच्या पिठात ऑलिव्हचे तेल आणि मध घालून लहान चकत्या भाजल्या की नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी अगाथोस दायमोनला, म्हणजे घरच्या शुभ दैवताला, पाणी न घातलेल्या वाइनचे दोन थेंब. पुढे चौथा दिवस हर्मीस आणि अफ्रोदितीचा, सहावा आर्टेमिसचा, सातवा अपोलोचा, आठवा पोसायडनचा. सगळे पाळायचा हट्ट नको. ज्या देवाशी तुमचे काम पडते त्याचा एक दिवस धरा.

बरणी

हा भाग माझा सगळ्यात आवडता. झ्यूस म्हटले की वीज आठवते, पण घरातला झ्यूस कोठीघरात राहायचा. त्याचे नाव झ्यूस क्तेसिओस, घरच्या साठवणीचा राखणदार, आणि त्याचे रूप म्हणजे एक झाकणाची बरणी. अंतिक्लेइदीस नावाच्या लेखकाने कृतीच दिली आहे : दोन कानांची बरणी घ्यावी, कानांना पांढरी लोकर गुंडाळावी, आत स्वच्छ पाणी, ऑलिव्हचे तेल आणि तऱ्हेतऱ्हेची फळे घालावीत. ह्या मिश्रणाला त्याने नाव दिले आहे अमृताचेच, अंब्रोसिया.

ही पूजा अगदी घरातली. अथेन्समधल्या वारसाहक्काच्या एका खटल्यात किरोन नावाच्या आजोबांच्या नातवांनी हाच पुरावा दिला होता : आजोबा झ्यूस क्तेसिओसच्या पूजेला गुलामांना किंवा परक्याला येऊ देत नसत, पण आम्हाला जवळ घेत आणि आमच्यासाठी आरोग्य आणि संपत्ती मागत, मग आम्ही त्यांचे सख्खे नातू नाही तर कोण?

लोणच्याची चिनीमातीची जुनी बरणी असेल तर उत्तम. लहान घ्या. फळांचे बारीक तुकडे, मूठभर धान्य, तेलाची धार. धान्याच्या डब्यांशेजारी ठेवा, घरातल्या माणसांची नावे घेऊन भरा आणि दर महिन्याला नवी करा : अमावास्येला जुने झाडाच्या मुळाशी ओतायचे, चंद्रदर्शनाला पुन्हा भरायचे. पावसाळ्यात मात्र महिनाभर थांबू नका. आठवड्यातच बुरशी धरते आणि वास सगळ्या कोठीत पसरतो. झाकण उघडून बघत राहा, बिघडले की ओता, आणि ऊन पडेल त्या दिवशी बरणी उलटी घालून कोरडी होऊ द्या.