‘आपल्याला काही मिळणार नाही’ म्हणून फॅफ्सा सोडू नका

मूल सीनियर इयरला गेलं की घरात एसएटी, निबंध, शिफारसपत्रं आणि कॉलेजांच्या याद्या यांशिवाय दुसरा विषय नसतो. फी कशी भरायची हा प्रश्न मात्र मार्चअखेरीस निकाल लागेपर्यंत कुणी काढत नाही. कुणी काढलाच तर ‘दोघंही कमावतोय, आपल्याला कोण मदत देणार’ असं म्हणून आई-बाबा तो मिटवून टाकतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत होणारी सगळ्यात महागडी चूक माझ्या मते हीच. फॅफ्सा म्हणजे कॉलेजच्या खर्चाला मदत मिळावी म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे करायचा अर्ज. त्यातलं चुकलेलं उत्तर नंतर दुरुस्त करता येतं. न भरलेल्या अर्जात दुरुस्त करायला काही नसतंच.

फॅफ्सा फक्त गरीब घरांसाठी असतो हा समज आधी डोक्यातून काढा. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची परत न करायची मदत, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असते हे खरं. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. पण मुलाच्या स्वतःच्या नावावरचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत मिळतं आणि ते घरच्या उत्पन्नावर अडत नाही. त्यासाठी फॅफ्सा मात्र भरलेला लागतो. अनेक कॉलेजं स्वतःच्या निधीतून मदत देतानाही तोच अर्ज मागतात. शिवाय मोठ्या निधीच्या कॉलेजांची मदत कुठपर्यंत जाते याची बहुतेकांना कल्पनाच नसते. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या घरांची ट्यूशन माफ केली आहे. प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. यादी पक्की करण्याआधी एका रविवारी मुलासोबत बसून त्यात घरचे खरे आकडे भरून बघा. छापील फी आणि तुमच्या घराला पडणारी फी यांत किती अंतर आहे ते तिथे कळेल.

व्हिसा आई-बाबांचा नाही, मुलाचा बघायचा

आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. केंद्र सरकारची मदत मिळणार की नाही हे अर्ज करणाऱ्या मुलाच्या दर्जावर ठरतं. मूल इथे जन्मलेलं असेल, म्हणजे नागरिक असेल, तर आई-बाबा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) असोत की एच-४वर (त्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा), ते पूर्णपणे पात्र असतं. ग्रीन कार्ड असलेलं मूलही पात्र. ‘आमचं ग्रीन कार्ड अजून अडकलंय’ म्हणून इथेच जन्मलेल्या मुलाचा अर्ज न भरणं याला काहीच अर्थ नाही.

उलट मूल स्वतः एच-४वर असेल तर त्याला केंद्राची मदत मिळत नाही. घर इथे पंधरा वर्षं राहत असलं आणि दर वर्षी कर भरत असलं तरी नाही. ग्रीन कार्डसाठीचा आय-४८५ अर्ज दाखल झालाय एवढ्यानेही भागत नाही. हा अन्याय आहे असंच मला वाटतं. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की लहानपणी आलेली मुलं कॉलेजला जायची वेळ आली तरी एच-४वरच असतात. पण नियम आज असा आहे, आणि तो धरूनच आखणी करावी लागते.

अशा घरांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. नागरिकत्वाच्या प्रश्नावर मुलाने घाईत किंवा नकळत ‘नागरिक’ हा पर्याय निवडता कामा नये. शाळेत सगळे फॅफ्सा भरतात, समुपदेशकही सगळ्यांना भरायला सांगतात, आणि मुलाला स्वतःच्या व्हिसाची धड माहिती नसते. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनच्या कायद्यात फार गंभीर मानला जातो. त्याची किंमत पुढे ग्रीन कार्डच्या वेळी मोजावी लागू शकते. म्हणून मूल एकटं अर्ज उघडून बसण्याआधी त्याला त्याचा दर्जा स्पष्ट सांगा.

एच-४च्या मुलांसाठी सगळी दारं बंद आहेत असं नाही. अनेक राज्यांत त्यांना रहिवाशांच्या दराने फी लागते. कित्येक खासगी कॉलेजं आपल्या निधीतून मदत देतात, पण बऱ्याच ठिकाणी या मुलांची गणना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत होते, आणि त्यांना मदत मागताना प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही पैशाची गरज बघत नाहीत. बाकी प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करून ‘एच-४च्या विद्यार्थ्याला तुम्ही कुठल्या गटात धरता’ हे लेखी विचारून घ्या. आणि मधल्या काळात ग्रीन कार्ड आलंच तर त्याच आठवड्यात कॉलेजला कळवा आणि फॅफ्सा भरा.

एकाच लॅपटॉपवर सगळ्यांचा अर्ज

फॅफ्सा हा मुलाचा अर्ज असतो आणि आई-बाबांचा भाग त्यात वेगळा असतो. मुलाचं एक खातं आणि पालकाचं दुसरं, दोन्ही स्टुडंटएड डॉट गव्हवर स्वतंत्र उघडायची. एकच ईमेल किंवा एकच मोबाइल नंबर दोन्हीकडे चालत नाही.

घरोघरी होतं असं की बाबा मुलाच्या खात्यात शिरतात आणि सगळा अर्ज स्वतःच भरून मोकळे होतात. विद्यार्थ्याच्या भागात ‘तुमच्या बचत आणि चेकिंग खात्यात किती रक्कम आहे’ असा प्रश्न येतो. बाबा आपल्या खात्यातले चाळीस हजार लिहून पुढे जातात. तिथे ‘तुमच्या’ म्हणजे मुलाच्या. हिशेबात ते चाळीस हजार मुलाचे धरले जातात, आणि मुलाच्या पैशावर फार जड टक्केवारी लागते. ती पुढे सांगतो. इंडेक्स, म्हणजे घराला किती खर्च झेपेल याचा फॅफ्सातून निघणारा आकडा, अनपेक्षित मोठा आला तर सगळ्यात आधी हीच जागा तपासा.

दुसरी अडचण नावांची. खातं उघडताना नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अक्षरशः तसंच लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, शाळेत ते गळलेलं असतं. आईचं कार्ड माहेरच्या नावाचं आणि टॅक्स रिटर्न सासरच्या नावाचं, असंही होतं. मग पडताळणी अडते आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री फोन फिरवायची वेळ येते. खाती सप्टेंबरातच उघडून ठेवा.

आई-बाबांनी एकत्र रिटर्न भरलं असेल तर दोघांपैकी एकाचाच भाग लागतो. एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर असेल आणि दुसऱ्याकडे फक्त आयटिन (तो नंबर नसलेल्यांचा कर भरण्यापुरता क्रमांक), तर नंबर असलेल्यानेच भाग भरावा. काम सोपं होतं. घटस्फोट झालेला असेल तर मूल कुणाकडे राहतं यापेक्षा गेल्या बारा महिन्यांत कुणी जास्त खर्च उचलला हे बघतात. आणि आयआरएसकडून कराची माहिती घ्यायला संमती द्यावीच लागते. ती नाकारली तर सरकारी मदत मिळत नाही, म्हणून त्या पानावर घाबरून ‘नको’ म्हणू नका.

कुठला पैसा, कुठल्या तारखेचा

उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं लागतं. २०२७च्या फॉलमध्ये कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी २०२५चं टॅक्स रिटर्न. बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक मात्र अर्जावर सही करता त्या दिवशीची. ही दोन वेगळी घड्याळं न कळल्याने लोक जुन्या वर्षाअखेरचं स्टेटमेंट शोधत बसतात.

राहतं घर फॅफ्सात धरत नाहीत. ४०१के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांतली रक्कमही नाही. ती भरून टाकणारे लोक स्वतःचंच नुकसान करतात. नोकरी बदलताना त्या वर्षी जुनं ४०१के आयआरएमध्ये वळवलं असेल तर तो रोलओव्हर होता हे अर्जात सांगायला विसरू नका, नाहीतर ती सगळी रक्कम उत्पन्नात मोजली जाऊ शकते. आयटीत दर तीन-चार वर्षांनी कंपनी बदलणाऱ्यांना हे हमखास लागू पडतं.

आता भारतातल्या मालमत्तेबद्दल, कारण हा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला असो वा बंद पडलेला, तुम्ही तिथे राहत नाही, त्यामुळे तो दाखवावा लागतो. एनआरई-एनआरओ खाती आणि एफडी दाखवावी लागतात. आजोबा गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं असेल, तर त्या जमिनीतला तुमचा हिस्साही तुमची मालमत्ता आहे. किंमत आजच्या बाजारभावाची, त्यावर कर्ज असेल तर ते वजा करून, डॉलरमध्ये. चार भावंडांच्या नावावर असलेली अख्खी जमीन एकट्याच्या नावावर लिहू नका, आणि अजिबात न लिहिण्याचा मोहही धरू नका. अर्जावर तुम्ही सही करता, तपासणीसाठी निवड झाली की कागद मागतात. उलट जमीन किंवा फ्लॅट आई-वडिलांच्याच नावावर असेल, तुमचं नाव कुठेच नसेल, तर तुम्ही उद्या वारस व्हाल म्हणून तो आज दाखवायचा नसतो.

मुलाच्या नावावरच्या पैशाचं गणित असं आहे. मुलाच्या मालमत्तेचे २० टक्के कॉलेजसाठी उपलब्ध धरतात, आई-बाबांच्या मालमत्तेचे जास्तीत जास्त ५.६४ टक्के. वाढदिवस, मुंज आणि आजी-आजोबांनी दिलेले मिळून मुलीच्या कस्टोडियल खात्यात (पैसे तिचे, सांभाळायचे मोठ्यांनी) २०,००० डॉलर असतील तर त्यांतले ४,००० मोजले जातात. तेच पैसे ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, असते तर फार तर १,१२८. कायद्याने ते पैसे मुलीचेच असल्यामुळे आई-बाबांना स्वतःकडे वळवता येत नाहीत, पण तिच्याच नावाच्या कस्टोडियल ५२९मध्ये टाकता येतात, आणि ते आई-बाबांच्या दराने मोजलं जातं. हे सीनियर इयरच्या ऑगस्टात आठवलं तरी उशीर झालेला नसतो.

जुळी मुलं किंवा एकाच वेळी कॉलेजात असलेली भावंडं असतील तर पूर्वी फॅफ्सात घरचा वाटा त्यांच्यात विभागला जायचा. २०२४-२५ पासून ते बंद झालं. जुने सल्ले ऐकून हिशेब करू नका.

फॅफ्सा झाला म्हणजे सगळं झालं असं नाही

दोनशेहून अधिक कॉलेजं कॉलेज बोर्डाचं सीएसएस प्रोफाइलही, म्हणजे मदतीसाठीचा आणखी एक अर्ज, मागतात. ते जास्त खोलात जातं. अनेक कॉलेजं त्यातून राहत्या घराचीही किंमत बघतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ लागतात, उत्पन्न एक लाखापर्यंत असेल तर फुकट. भारतातल्या आई-वडिलांच्या औषधपाण्यासाठी दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर फॅफ्सात ते सांगायला जागा नाही, सीएसएसमध्ये विशेष परिस्थितीचा रकाना आहे. तिथे आकड्यानिशी लिहा.

तारखा प्रत्येक कॉलेजच्या आणि राज्याच्या वेगळ्या. अर्ली डिसिजनवाल्यांचे (एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर अर्ज करणाऱ्यांचे) कागद अनेक कॉलेजांत नोव्हेंबरातच लागतात. कॅलिफोर्नियाच्या कॅल ग्रँटसाठी साधारण २ मार्च, इलिनॉयमध्ये निधी संपेपर्यंतच. केंद्राची ३० जूनची तारीख बघून निवांत राहिलात तर राज्याचे पैसे हातचे जातात.

नोकरी गेली आणि कॉलेजला सांगितलंच नाही

अर्जात दोन वर्षांपूर्वीचा पगार असतो, आणि आज बाबांची नोकरी गेलेली असते. एच-१बीवर तर साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची धावपळ असते, त्यात कॉलेजला कळवायचं कुणाला सुचत नाही. काहींना लाजही वाटते. पण मदत कार्यालयाला अशा वेळी आकडे बदलण्याचा कायदेशीर अधिकार आहे, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटच्या पगाराची स्लिप, या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज आणि एक पानी साधं पत्र, एवढं पाठवा. मोठा वैद्यकीय खर्च झाला असेल तरीही हाच मार्ग. पत्र मुलाच्या नावाने जाऊ द्या, कारण अर्जदार तो आहे.

ऑफर लेटर वाचताना

समजा एका कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ८२,००० डॉलर आहे. पत्रात लिहिलंय: ग्रँट २४,०००, सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी २,५००, पॅरेंट प्लस (आई-बाबांच्या नावावरचं सरकारी कर्ज) २०,०००. खाली ठळक अक्षरात ‘एकूण मदत ५२,०००’. घरात आनंद होतो. पण यातली खरी मदत २४,०००च आहे. कर्ज व्याजासकट फेडायचं असतं, प्लस तर आई-बाबांनी. वर्क-स्टडीचे पैसे मुलाने काम करून महिन्याला मिळवायचे असतात, ते फीमधून आधी वजा होत नाहीत. म्हणजे या कॉलेजची तुमच्यासाठी किंमत वर्षाला ५८,००० आहे, ३०,००० नाही. प्लस कर्जावर तर जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा आली आहे. चार वर्षं दर वर्षी २०,००० धरून चाललात तर चौथ्या वर्षी ५,०००च उरतील आणि बाकीचे पैसे कुठून तरी उभे करावे लागतील.

सगळी पत्रं एका कागदावर उतरवा: एकूण खर्च, त्यातून फक्त ग्रँट आणि शिष्यवृत्ती वजा. शिष्यवृत्ती चारही वर्षं मिळणार की पहिल्याच वर्षी, आणि त्यासाठी जीपीए किती टिकवावा लागेल, हे कॉलेजला विचारून त्याच कागदावर लिहा. त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्र जोडून आवडत्या कॉलेजला फेरविचार करायला सांगा. सगळीच कॉलेजं आकडा बदलत नाहीत, पण विचारल्याने प्रवेश जात नाही. हे एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत करा, कारण १ मेला बहुतेक ठिकाणी होकार कळवायचा असतो.