स्वस्तातला रेट्रो व्हिडिओ गेम कसा निवडावा

खोक्यावरचा आकडा वाचूच नका. '४०० इन १', '१०,००० गेम', '४के' ही सगळी छपाई आहे. तुमच्या हातात येणार तो रिमोट, आणि पैसे वसूल होणार की माळ्यावर जाणार हे तोच ठरवतो. नातेवाइकांना आणि मित्रांच्या मुलांना मी असे बरेच व्हिडिओ गेम निवडून दिलेत. 'ज्यात जास्त गेम, तो घ्या' हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि दरवेळी तो ऐकून माझा संताप होतो.

प्रकार ठरवा

हातात मावणारा 'सप' हा तीन इंची पडद्याचा. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमची नक्कल त्यात एकाच चिपवर बसवलेली असते. साधारण पाचशे ते हजारात मिळतो. दुसरी गेम स्टिक. ती टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची, सोबत दोन बिनतारी रिमोट, किंमत दीड ते अडीच हजार. हा खरं तर छोटा संगणकच. जुन्या मशीनचं काम तो सॉफ्टवेअरने करतो. एकट्याने मारिओ खेळायचा असेल तर सप पुरे. दोघांनी शेजारी बसून कॉन्ट्रा खेळायचा असेल तर स्टिक घ्या. स्टिकवर प्लेस्टेशनचे गेमही भरलेले असतात, पण त्यांतले जड थ्रीडी गेम अडखळतात. त्यांच्यासाठी स्टिक घेऊ नका.

बंदुकीवाला कॅसेटचा सेट घरी जुना ट्यूबचा टीव्ही असेल तरच घ्या. 'डक हंट' या बदकं टिपायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं आहे. एलसीडी किंवा एलईडी टीव्हीवर चित्र उशिरा उमटतं, त्यामुळे बदक मरतच नाही. बंदूक बिघडलेली नसते, तरी दुकानदार ती बदलून देत बसतात.

आणखी एक. यांतले बहुतेक गेम मूळ कंपन्यांना न विचारता भरलेले असतात. ते पटत नसेल तर अधिकृत संग्रह घ्या. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीने २०१९ मध्ये त्याचे जुने भाग एकत्र करून संगणकासाठीही काढलेत.

दुकानात लावून बघा

इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. जो दुकानदार टीव्हीला लावून दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत खालच्या सगळ्या चाचण्या उरका.

मला सगळ्यात जास्त छळलं ते रिमोटने. चित्र छान, आवाज ठीक, गेमही सगळे चालू, तरी खेळताना मारिओ दर खड्ड्यात पडायचा. दोष कुठे आहे ते बराच काळ सापडत नव्हतं. आता मी चाचण्या ठरवूनच टाकल्यात.

सुपर मारिओचा पहिला टप्पा लावा. बाणांच्या बटणावर अंगठा ठेवून फक्त उजवीकडे दाबून चालवा. मारिओ मध्येच रेंगाळून थांबला तर त्या बटणाखालचं रबर खराब आहे: उजवं दाबताना खालचंही लागतंय. असा रिमोट तिथेच परत करा. 'वापरून वापरून सैल होईल' असं दुकानदार सांगेल. रबर सैल झालं की हा दोष वाढतो, कमी होत नाही.

मग बी बटण दाबून धरा, मारिओ पळू लागेल. बी न सोडता अंगठ्याचं मधलं पेर ए वर टेकवून उडी मारा. पळता पळता लांब उडी बसली पाहिजे. बी सुटत असेल किंवा ए लागतच नसेल, तर पुढच्या टप्प्यांतले रुंद खड्डे कधीच ओलांडता येणार नाहीत. चार बटणांच्या रिमोटवर बऱ्याचदा दोन बटणं टर्बोची असतात. ती दाबून धरली की आपोआप टकटक होते. चाचणी साध्या बटणांवरच करा.

पुढे कॉन्ट्रा, दोन खेळाडू, दोन्ही रिमोट. वर आणि उजवं एकत्र दाबून पळा. गोळ्या तिरक्या वर गेल्या पाहिजेत. तिरकी गोळी सुटत नसेल तर पहिल्याच टप्प्यात मार खाल. दोघांनी एकदम जोरात खेळून बघा. स्टिकचे दोन्ही बिनतारी रिमोट एकाच रिसीव्हरवर चालतात, आणि हलक्या मालात एकाने बटण धरलं की दुसऱ्याचं अडकतं. एकट्याने तपासलं तर हे कळतच नाही. म्हणून सोबत कुणाला तरी घेऊनच जा.

शेवटी उशीर. बटण दाबल्याची टक् आणि मारिओचे पाय जमिनीवरून सुटणं यांत फट जाणवली तर आधी टीव्हीवर संशय घ्या. हे गेम सेकंदाला ६० चित्रांवर चालतात, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. चित्र 'सुधारण्याच्या' नादात टीव्ही अशी कितीतरी चित्रं मागे पडतो. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. फट गेली तर मशीन चांगलं. नाही गेली तर त्याच टीव्हीवर दुसरं मशीन लावायला सांगा. दोन्हींत तोच उशीर असेल तर टीव्ही दोषी.

गेमची यादी मात्र झरझर खाली सरकवा. तेच कॉन्ट्रा वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून चार-पाच नावांनी घातलेलं दिसेल. तुम्हाला हवे असलेले आठ-दहा गेम आहेत का तेवढं बघा. सपमध्ये खेळ सेव्ह होत नाही, बंद केला की गेला. स्टिकवर सेव्ह होतो. कुठल्या बटणांनी, ते दुकानदाराला करून दाखवायला लावा.

घरी आल्यावर

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. कित्येक टीव्हींचं ते पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं आणि स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. मोबाइलचा ५ व्होल्टचा चांगला चार्जर लावा.

सप टीव्हीला जोडल्यावर चित्र काळंपांढरं आलं तर टीव्हीची कलर सिस्टीम 'ऑटो' करा. चित्रच नसेल आणि नुसती घरघर ऐकू येत असेल तर पिवळी आणि पांढरी पिन अदलाबदल करून बघा.

स्टिकचं मेमरी कार्ड पहिल्याच दिवशी संगणकावर पूर्ण उतरवून ठेवा. सोबत येणारी कार्डं हलकी असतात, आणि कार्ड गेलं की स्टिक नुसतीच पडून राहते. नामांकित कंपनीचं कार्ड आणून त्यावर सगळं चढवलंत तर उत्तमच.

सपमध्ये बीएल-५सी बॅटरी असते, जुन्या नोकिया फोनमधली. कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. बॅटरी फुगलेली दिसली तर मुलांच्या हातून मशीन काढून घ्या आणि ती लगेच बदला. स्टिकचे रिमोट पेन्सिल सेलवर चालतात. सुट्टी संपून खेळणं थांबलं की सेल काढून ठेवा. गळले तर आतल्या पत्र्या गंजतात, आणि सुटा रिमोट मागितला तर दुकानदार अख्खा सेटच घ्यायला सांगतो.