कामावर अपघात झाला, वकील करताय? या चुका टाळा

आपल्याकडे कामावर कुणाचा हात गेला, पाय गेला, तर वकील सगळ्यात शेवटी आठवतो. आधी मालकाचा शब्द, मग ठेकेदाराचा, मग गावातल्या पुढाऱ्याचा. तोवर सह्या होऊन गेलेल्या असतात.

सगळ्यात घात करते ती हीच सही. जामनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या तीस वर्षांच्या कामगाराची तीन बोटं मशीनमध्ये गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडी रक्कम हातात ठेवली आणि स्टॅम्पपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. पुढे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा त्याची आई मलाच विचारत होती, “भाऊ, मालकनी दवाखाना करा, आते केस कसाले?” मी ओट्यावर बसून हिशेब मांडला. पगार 12,000, त्याचे 60 टक्के 7,200. त्याला वयाप्रमाणे कायद्यात दिलेल्या गुणकाने गुणायचं, तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98. तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता 30 टक्के घटते, असं कायद्याचं परिशिष्टच सांगतं. रक्कम झाली सुमारे 4 लाख 49 हजार. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडायला लावणारा असा कागद रद्दच ठरतो. पण तो खरा मानून घरचे गप्प बसले आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटली. उशीर माफ होतो, मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं आणि त्या वादातच तारखांवर तारखा जातात. वकिलाने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, मग समोर मालक कितीही भला असो.

दुसरा संताप टक्केवारीचा. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात एजंट गाठतो: “आता काही देऊ नका, पैसे आले की तीस टक्के.” भरपाईत वाटा ठरवायला आणि एजंट लावून पक्षकार गोळा करायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी वकिलाला मनाई आहे. घाईतल्या माणसाला ते फुकट वाटतं, म्हणून तो फसतो. मी सगळ्यांना फी आकड्यात ठरवून लिहून घ्यायला आणि पावती मागायला लावतो. पैसेच नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला 1987 च्या कायद्याने तिथे मोफत वकील मिळतो. ‘फुकटचा वकील काय लढणार’ म्हणून तिकडे न फिरकणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

शेताच्या बांधाचे दावे चालवणारा ओळखीचा वकील या कामाला धरू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 च्या भरपाई कायद्याची जागा तिने घेतली. आपल्या अपघाताला ती लागू की जुना कायदा, एवढं त्याला पहिल्या भेटीत विचारा. चाचपडला तर उठा.

नंदुरबार-शहाद्याची पोरं सुरतेला जखमी होतात आणि ‘तिकडे कोण खेटे घालणार’ म्हणून सोडून देतात. दावा आपण राहतो तिथेही दाखल करता येतो.

ठेकेदार पळाला? मूळ मालकावरही जबाबदारी येते.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर भरपाई ईएसआय महामंडळाकडून घ्यायची असते, मालकावर हा दावा चालत नाही. म्हणून वकिलाकडे जाताना पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, दवाखान्याचे कागद आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं न्या. मूळ प्रती देऊ नका, झेरॉक्स द्या.